पन्नाशी सांदीत

पन्नाशी जवळ आली तसे आमच्या घरात दोन पक्ष पडले. आईला वैष्णवी शांत, म्हणजे पन्नाशीची पूजा, हवी होती. पन्नासाव्या वर्षी वैष्णवी, पंचावन्नाव्याला वारुणी, साठीला उग्ररथ, असं थेट सहस्रचंद्रदर्शनापर्यंतचं माझं वेळापत्रक तिच्याकडे तयार असतं. बायकोला हॉल, जेवणावळ आणि दारात माझ्या फोटोचा फ्लेक्स हवा होता. त्यामुळे मुलगा जेव्हा म्हणाला, "बाबा, सांदण दरीत जाऊ, तिथे फोनला रेंजपण नसते," तेव्हा पुढचं काही न ऐकता मी हो म्हणालो. पुढचं ऐकायला हवं होतं.

सांदण अकोले तालुक्यात, साम्रद गावाजवळ. घोटी सोडली, कळसूबाई दिसली, शेंडी मागे पडली, भंडारदऱ्याच्या पाण्याला वळसा घालताना फोनची शेवटची काडीही गेली. मी मनातल्या मनात पेढे वाटले. रात्री ज्यांच्या ओसरीवर पथारी टाकली ते बाबा सत्तरीच्या पुढचे असावेत. त्यांनी माझं वय विचारलं.

"पन्नास."

"मंग तरणेच की तुम्ही!" असं म्हणून ते उठले आणि माझ्यासाठी काठी शोधून घेऊन आले.

सकाळी दरी पाहिली. दरी कसली, बसाल्टच्या पठाराला पडलेली भेग. दोन्ही बाजूंना दोनशे फुटांच्या काळ्या भिंती, मध्ये काही ठिकाणी जेमतेम आमच्या सोसायटीच्या जिन्याएवढी जागा आणि वर आभाळाची एक चिंधी. आयुष्यभर सांदीकोपऱ्यात हरवलेला चष्मा मी शोधत आलो. आज स्वतःच सांदीत शिरलो.

खाली वाट नाहीच, नुसते धोंडे. एक फ्रिजएवढा, पुढचा रिक्षाएवढा. तरुण मंडळी त्यांच्यावरून उड्या मारत जातात. माझी पद्धत वेगळी: बूड टेकायचं, पाय सोडायचे, कुलदैवताचं नाव घ्यायचं आणि घसरायचं. तासाभरात पँटच्या मागच्या बाजूने साथ सोडली. आमचा दाढीवाला लीडर सगळ्यांना नावाने हाक मारत होता, अगदी माझ्या बायकोलाही. मला मात्र "काका". "काका, उजवा पाय इथे. काका, तो डावा झाला."

मग पाणी लागलं. दरीत दोन जागी डोह साचतात आणि जानेवारीत ते बऱ्यापैकी भरलेले असतात. सूर्य त्या पाण्याला नुसता नावाने ओळखत असावा. पहिल्या डोहात गुडघे गेले, म्हणजे उरलेसुरले तेही गेले. दुसऱ्यात कंबर. आणि आत्ता कळलं की मुलाच्या सॅकमध्ये केक आहे. एक किलोचा, ब्लॅक फॉरेस्ट, घरून आणलेला.

सॅक भिजेल म्हणून खोका बाहेर काढला आणि सगळ्यांत उंच माणूस म्हणून माझ्या डोक्यावर दिला. यमुनेतून निघालेला वसुदेव आठवला. फरक एवढाच, की त्याला पाण्याने वाट दिली होती. मध्यावर माझा पाय शेवाळावरून सटकला. क्षणात चार हात मदतीला धावले. चारही केककडे.

केक वाचला. मी नाकातोंडात पाणी जाऊन वर आलो तेव्हा बायको काळजीने विचारत होती, "अहो, मेणबत्त्या कुठायत?" पाच आणि शून्य अशा दोन आकडी मेणबत्त्या होत्या. पाच डोहात गेला होता.

दरी जिथे संपून खाली कोकण दिसू लागतं, तिथे केकवर नुसता शून्य लावून माझा वाढदिवस झाला. वाऱ्याने मेणबत्ती माझ्या आधी विझवली. सगळ्यांनी गाणं म्हटलं. दरीने ते तितकंच बेसूर परत म्हणून दाखवलं. दोर लावून इथून खाली डेहणे गावापर्यंत उतरता येतं, असं लीडर उत्साहाने सांगत होता. मी माझ्या गुडघ्यांचं मत त्याला कळवलं.

म्हणजे आता आल्या वाटेने वर. तेच धोंडे, पण चढत. रबरी चपला घातलेले ते बाबा आम्हाला शोधत समोरून आले, माझी सॅक त्यांनी एका खांद्यावर टाकली आणि विडी पेटवून माझ्यासाठी थांबत थांबत चालू लागले. काठीबद्दल आम्ही दोघंही काही बोललो नाही.

रात्री नागलीची भाकरी, पिठलं आणि ठेचा. अंग इतकं ठणकत होतं की भाकरी मोडायलाही बळ लागत होतं, तरी चार खाल्ल्या. त्या हॉलमधल्या पनीरपेक्षा हे फार बरं झालं, असं बायकोही म्हणाली. तिने चारचौघांत असं म्हणण्याची ही पहिलीच वेळ, तेव्हा ती नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी शेंडीपाशी फोन थरथरला. शेकडो मेसेज, निम्म्यात 'नाबाद ५०'. ते वाचेपर्यंत आईचाच फोन आला.

"झालं का तुमचं ते डोंगरातलं? बरं ऐक, गुरुजी रविवारी सकाळी सातला येतायत. चार तास लागतील म्हणाले. तुला पाटावर मांडी घालून बसता येईल ना रे?"