डब्यात दिसलेल्या रेषा शिशाच्या नव्हत्या, दिव्याच्या होत्या

रविवारी दुपारी धाकट्या बहिणीने फोटो पाठवला. खाली एकच ओळ: "दादा, विहिरीच्या पाण्यात काही नाही बरं का, तपासलं." फोटोतला डबा मी लगेच ओळखला. गेल्या सुट्टीत भाच्याला घेऊन मीच तो केला होता. घरगुती स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे उजेड रंगांत फोडून त्याचा वर्णपट दाखवणारा डबा. पुठ्ठा, डीव्हीडीचा तुकडा, दाढीच्या दोन पात्यांची फट, आतून काळा कागद. दिव्यादिव्याच्या उजेडात काय फरक असतो, एवढंच त्यातून बघायचं होतं. आता त्याच डब्याने घरातलं पिण्याचं पाणी पास केलं होतं, आणि प्रयोगशाळेत द्यायला म्हणून भरून ठेवलेली बाटली बाईसाहेबांनी कुंडीत ओतून दिली होती.

हे सगळं घडलं एका फॉरवर्डमुळे. तुमच्याही फोनमध्ये येऊन गेला असेल. थोडक्यात असा: डीव्हीडी, पुठ्ठा आणि मोबाइल घ्या, दहा मिनिटांत घरच्या घरी प्रयोगशाळा तयार. पाण्यातलं शिसं, आर्सेनिक, पारा रेषांवरून ओळखा. फटीसमोर बोट धरा, रक्तातली साखर कळेल. वायफायचं रेडिएशनसुद्धा मोजता येतं. ॲप सगळं आपोआप सांगतं. सर सी. व्ही. रामन यांनी हेच तंत्र शोधलं. मोठ्या कंपन्या हे तुमच्यापर्यंत पोहोचू देत नाहीत. सर्वांना पाठवा.

सर्वांना पाठवलं गेलं आहेच. तेव्हा आता ऐका.

आधी जे खरं आहे ते देऊन टाकतो, म्हणजे "तू स्वतःच तर असले डबे बनवतोस" हे कुणी ऐकवायला नको. डीव्हीडीवरच्या खाचा ०.७४ मायक्रोमीटर अंतरावर असतात, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये साधारण १,३५० खाचा. सीडीत हेच अंतर १.६ मायक्रोमीटर. त्यामुळे डीव्हीडी रंग जास्त फाकवते आणि फुकटात बरी ग्रेटिंग (उजेड रंगांत फाकवणारी बारीक खाचांची पट्टी) हाताशी येते. फट अरुंद आणि समांतर जमली, तर आकाशाच्या उजेडातल्या काळ्या रेषाही दिसतात. जर्मन शास्त्रज्ञ फ्राउनहोफरने १८१४ साली ज्यांची मोजदाद सुरू केली, त्याच त्या. (आकाशाच्या म्हणतोय. सूर्यावर डबा रोखून आत डोळा लावायचा नाही. फॉरवर्डमधली "उन्हात धरा" ही सूचना ज्याने लिहिली, त्याने स्वतः ती पाळलेली नसणार.) पहिल्यांदा ती काळी रेघ दिसली त्या संध्याकाळी मी जेवायला उठलो नव्हतो. यंत्र खरं आहे. त्याच्या नावावर खपवलेली कामं खोटी आहेत.

आता पाणी. इथे मी जरा थांबणार आहे, कारण कुणाच्या तरी पोटात जाणारी गोष्ट हीच आहे.

फॉरवर्डमध्ये पुरावा म्हणून एक फोटो आहे. काचेच्या ग्लासामागे दिवा, पुढे डबा, आणि वर्णपटात दोन ठळक रेषा, एक निळी-जांभळी आणि एक हिरवी. दोन्हींभोवती लाल वर्तुळ. एकीवर लिहिलंय "लेड", दुसरीवर "आर्सेनिक". मी तो फोटो मोठा करून बघितला आणि कपाळाला हात लावला. मागचा दिवा सीएफएल आहे! त्या दोन रेषा दिव्याच्या नळीतल्या पाऱ्याच्या वाफेच्या आहेत. निळी ४३६ नॅनोमीटरला, हिरवी ५४६ला. पलीकडे लालसर-नारिंगी पट्टा आहे, ६११च्या आसपास, तो दिव्याच्या आतल्या लेपातल्या युरोपियम या धातूचा. डबा बनवणाऱ्या कुणालाही या रेषा तोंडपाठ असतात, कारण ४३६ आणि ५४६ याच दोन खुंट्यांवर आम्ही आपली मोजपट्टी टांगतो. ग्लास उचलून बाजूला ठेवला असता तरी रेषा तिथेच राहिल्या असत्या. ग्लासात शुद्ध पाणी असतं तरीही "लेड" दिसलंच असतं. बहिणीकडे एलईडी दिवा आहे, त्यात पारा नसतो, वर्णपट सलग येतो. म्हणून तिला "काही नाही" दिसलं. म्हणजे पाणी पास की नापास हे ठरवलं दिव्याने!

बरं, दिवा योग्य घेतला तर? तरीही नाही. रेषा देतो तो सुटा, वायुरूप अणू, आचेत किंवा विद्युतप्रवाहाने चेतवलेला. पाण्यात विरघळलेलं शिसं सुटा अणू नसतं, पाण्याच्या रेणूंनी वेढलेला आयन (विद्युतभारित अणू) असतो, आणि दृश्य प्रकाशाच्या दृष्टीने तो जवळजवळ पारदर्शक असतो. पटत नसेल तर घरीच बघा. आचेवर चिमूटभर मीठ टाका, ज्योत पिवळी होईल आणि डब्यात ५८९ला सोडियमची पिवळी रेघ उठेल. आता तेच मीठ ग्लासभर पाण्यात विरघळवा, मागे साधा पिवळा बल्ब लावा आणि ५८९ला काळी रेघ शोधा. सापडणार नाही. अख्खी मूठ टाकलीत तरी नाही. जे मीठ जिभेला खारट लागतं ते डब्याला दिसत नाही, आणि शिशाला तर चवही नाही.

ते तर किती कमी असतं बघा. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी दिलेलं मार्गदर्शक मूल्य शिशासाठी लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे आणि आर्सेनिकसाठीही तेवढंच. हा आकडा घेऊन हिशोब करू. शिशाशी जुळून गडद रंग देणारं एखादं अतिशय तीव्र रसायन तुम्ही पाण्यात घातलं असं धरू (फॉरवर्डमध्ये कुठलंच नाही, पण धरू). तरी एक सेंटिमीटर जाडीच्या पाण्यातून जाताना प्रकाश कमी होईल तो शेकडा एकच्या आसपास. मोबाइलचा साधा फोटो उजेड ० ते २५५ अशा पायऱ्यांत मोजतो. २०० वर असलेली पायरी १९८ वर येईल. फोन हातात नुसता हलला तरी याहून जास्त फरक पडतो. प्रयोगशाळेत शिशासाठी नमुना वाफेत किंवा प्लाझ्मात (विद्युतभारित तप्त वायूत) नेतात, आणि वाफेतल्या शिशासाठी वापरायच्या रेषा २१७ आणि २८३ नॅनोमीटरच्या, आर्सेनिकची १९४च्या अलीकडची. सगळ्या अतिनील भागात. तिथला प्रकाश मोबाइलच्या भिंगातून आत शिरतच नाही.

यावर मेहुण्यांनी मला गाठलं. वाचलेला माणूस. म्हणाले, "बुन्सेन आणि किर्खहॉफने झऱ्याच्या पाण्यातूनच नवा धातू शोधला ना, रेषा बघून?" शोधला. १८६० साली, जर्मनीतल्या ड्यूर्कहाइमच्या खनिज पाण्यात, दोन निळ्या रेषांवरून, सीझियम. उदाहरण अस्सल आहे, मान्य. पण त्यांनी ग्लासामागे दिवा लावला नव्हता. पाणी आटवलं, उरलेल्यातलं नको ते काढून टाकलं, आणि मग ते ज्योतीत धरलं. पुढे सीझियमचे क्षार वेगळे काढण्याएवढे मिळवायला ४० हजारांहून जास्त लिटर पाणी आटवावं लागलं. मेहुण्यांना म्हटलं, तेवढी पातेली असतील तर मी येतो मदतीला. आणि तरीही ही युक्ती शिशाला लागू पडेल असं नाही. सीझियम ज्योतीत दृश्य भागात ठसठशीत चमकतो, शिसं तसं चमकत नाही.

"ॲप सगळं आपोआप सांगतं." ॲप काय सांगणार? त्याला फोटो मिळतो, आणि मोबाइलचा फोटो म्हणजे सजवलेला उजेड असतो. संवेदकावर लाल-हिरव्या-निळ्या गाळण्या, पुढे अवरक्त अडवणारी काच, वर फोन स्वतःच्या मर्जीने एक्स्पोजर बदलणार, पांढऱ्याचा रंग बदलणार, अंधार उजळवणार. मी एकदा तोच ग्लास, तेच पाणी, तोच दिवा ठेवून लागोपाठ दहा फोटो काढले. दोन आलेखसुद्धा एकमेकांवर नीट बसले नाहीत. असले डबे बनवणाऱ्या आमच्या मंडळींचा निम्मा वेळ याच्याशी झगडण्यात जातो. एकाने फोन डब्याला कायमचा स्क्रूने बसवला, कारण केसाएवढा सरकला तरी ५४६ची रेघ जागा सोडते. दुसऱ्याच्या लक्षात आलं की पावसाळ्यात पुठ्ठा फुगतो आणि मोजपट्टी हलते. त्याने लाकडी पेटी केली. तिसरीने मोबाइल सोडून ज्याचं एक्स्पोजर हाताने बांधता येतं असा वेबकॅम घेतला, आणि आता ती प्रत्येक मोजणीला तीन फोटो घेते: फट झाकून, नुसत्या पाण्याचा, मग नमुन्याचा. पहिला दोन्हींतून वजा करायचा आणि मग नमुन्याला पाण्याने भागायचं. हे कंटाळवाणं आहे. पण त्यानंतर मोरचुदाच्या निळ्या द्रावणाची तीव्रता दुप्पट केली की शोषण दुप्पट झालेलं दिसतं, बेअर-लँबर्टच्या नियमाप्रमाणे. डोळ्याला रंग दिसतो अशा गोष्टीत हा डबा मदत करतो. रंगहीन पाण्यात नाही.

चांगला डबा कसा ओळखायचा, तेही सांगून टाकतो. सीएफएलची ती हिरवी रेघ खरं तर जुळी असते. ५४६चा पारा आणि त्याला खेटून लेपातल्या टर्बियम धातूची. दोन्ही सुट्या दिसल्या तर तुमची फट आणि फोकस नीट आहेत. सोडियमच्या जुळ्या रेषा मात्र ५८९.० आणि ५८९.६ला असतात. त्या सुट्या करून दाखवणारा पुठ्ठ्याचा डबा मी अजून पाहिलेला नाही.

रक्तातली साखर. यावर जास्त लिहायची इच्छा नाही, रागच येतो. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला होता: त्वचेला न टोचता स्वतःच रक्तातली साखर मोजतो असा दावा करणारी स्मार्ट घड्याळं आणि अंगठ्या वापरू नका, असल्या एकाही उपकरणाला आम्ही मंजुरी दिलेली नाही. इतक्या कंपन्या मागे लागूनही जे मंजुरीपर्यंत पोहोचलं नाही, ते पुठ्ठ्याला जमेल? आकडा चुकला की माणूस इन्सुलिन चुकीचं घेतो. तुमच्या ओळखीत कुणी या नादी लागलं असेल तर हा लेख राहू दे, आधी त्यांना फोन करा.

वायफाय: त्याची तरंगलांबी काही सेंटिमीटर असते. डीव्हीडीची खाच मायक्रोमीटरहून लहान, तिला ही लाट फाकवता येणारच नाही. पुढे.

रामन यांचं नाव कशाला ओढलं ते कळत नाही. २८ फेब्रुवारी १९२८ला त्यांनी शोधलेला परिणाम वेगळाच आहे. एका रंगाचा प्रकाश रेणूंवरून विखुरताना त्यातला अगदी नगण्य भाग रंग बदलून येतो, साधारण एक कोटीत एक फोटॉन. तो टिपायला आज लेझर आणि मूळ रंग कापून टाकणारी गाळणी लागते. फॉरवर्डमधल्या डब्यात यातलं काहीच नाही. थोर माणसाचं नाव घातलं की मेसेज पुढे जातो, एवढाच त्याचा उपयोग.

आणि त्या कंपन्यांचा कट! घरगुती स्पेक्ट्रोमीटरचं नाव ज्यांच्यामुळे जगभर झालं ती पब्लिक लॅब ही मंडळी २०१०च्या मेक्सिकोच्या आखातातल्या तेलगळतीच्या वेळी एकत्र आली. २०१२ साली त्यांनी या डब्यासाठी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे केले, रचना खुली ठेवली, वर्णपट साठवायला आणि ताडून बघायला स्पेक्ट्रल वर्कबेंच हे संकेतस्थळ उघडं ठेवलं. लपवलं कुणी? तेलाची चाचणी त्यांनी कशी मांडली तेही बघण्यासारखं आहे. गळलेल्या तेलाचा अंश मिनरल ऑइलमध्ये (बेबी ऑइलसारख्या रंगहीन तेलात) विरघळवायचा, त्यावर ४०५ नॅनोमीटरचा लेझर टाकायचा, उठणाऱ्या चकाकीचा वर्णपट घ्यायचा आणि आधीपासून माहीत असलेल्या तेलांच्या वर्णपटांशेजारी ठेवून बघायचा. तुलना करायला ओळखीचा नमुना हवाच. फॉरवर्डमध्ये नेमकी तीच पायरी गाळली आहे, कारण ती घातली की दहा मिनिटांत काम होत नाही.

संध्याकाळी बहिणीला हे सगळं फोनवर सांगितलं, जरा चढ्या आवाजातच. ती गप्प ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे डबा फेकून देऊ?" मागून भाचा ओरडला, "मामा, नाही हं!" त्याला म्हटलं, डबा ठेव, आईला मात्र नवी बाटली भरायला सांग. प्रयोगशाळेवाल्यांनी सांगितलंय तशीच. दुसऱ्या दिवशी सकाळी नमुना दिलाय, अहवालाला दिवस लागतील. तोवर पिण्याचं पाणी बाहेरून आणा म्हटलंय, उकळून चालणार नाही. शिसं उकळल्याने जात नाही, पाणी आटतं तसं उलट दाट होतं.

भाच्याने रात्री फोटो पाठवला. जिन्यातला जुना सीएफएल, फट अजून थोडी मोठीच, पण हिरवी रेघ मधोमध किंचित फाटलेली. खाली लिहिलंय: "जुळी?"