'सेर' कायमचं, 'एस्तार' तात्पुरतं? मग मेलेल्याचं काय करायचं?

स्पॅनिश शिकणाऱ्यांमध्ये एक तक्ता फिरतोय. आपल्या एका 'आहे'साठी तिथे दोन क्रियापदं: कायमच्या गोष्टीला 'सेर', तात्पुरत्याला 'एस्तार'. ठिकाण सांगायचं तर डोळे मिटून एस्तार. मराठीत सेर म्हणजे 'असतं', एस्तार म्हणजे 'आहे'. आणि सेर आलं लॅटिनच्या 'एस्से'वरून.

पहिलंच घ्या. माणूस मेला की स्पॅनिशमध्ये 'एस्ता म्वेर्तो'. एस्तार! मरणाहून कायमचं आणखी काय असायचं? उलट तारुण्य चार दिवसांचं, पण 'एस होवेन', म्हणजे सेर. तीन वाजलेले मिनिटभरच टिकतात, तरी 'सोन लास त्रेस', तेही सेरच. प्रश्न काळाचा नाहीच. सेर ओळख सांगतं, एस्तार अवस्था. मरण ही जगण्यात बदल होऊन आलेली अवस्था. म्हणूनच 'एस आबुर्रीदो' म्हटलं तर माणूस कंटाळवाणा, 'एस्ता आबुर्रीदो' म्हटलं तर बिचारा कंटाळलेला. नवशिक्यांनी स्वतःबद्दल बोलताना जपून. आणि 'विवाहित' दोन्हींबरोबर चालतं. तिथे तक्ता काय सांगणार?

ठिकाणाचं निम्मं खरं. माद्रिद स्पेनमध्ये आहे, इथे एस्तार. पण लग्न सेव्हियाला आहे म्हणायचं तर 'ला बोदा एस एन सेव्हिया'. वस्तू कुठे आहे याला एस्तार, समारंभ कुठे होणार याला सेर.

'असतं-आहे'ची जोडी मात्र आपल्याच कोणीतरी जुळवलेली दिसते, आणि तीच जास्त घात करते. 'मी डॉक्टर आहे' याला सेर लागतं: 'सोय मेदिको'. 'बँक रविवारी बंद असते' याला एस्तार. दोन्हीकडे उलटं.

व्युत्पत्तीत खरी गंमत आहे, ती तक्त्याने एका शब्दात उरकली. एस्तार 'स्तारे'वरून, म्हणजे उभं राहणं. आपल्या 'स्था' धातूचा भाऊ. सेर मात्र ठिगळांची गोधडी आहे. 'एस' हे रूप एस्सेचं, संस्कृत 'अस्ति'च्या नात्यातलं. खुद्द 'सेर' आणि 'सेआ' ही रूपं 'सेदेरे'वरून, म्हणजे बसणं. आपल्या 'सदन'मधला 'सद्' तोच. भूतकाळातलं 'फुई' थेट 'भू'च्या कुळातलं. त्यात हे 'फुई' जाण्याच्या क्रियापदानेही उचललं, त्यामुळे त्याचा अर्थ 'मी होतो' आणि 'मी गेलो' असा दोन्ही होतो.