चाकं उगाच फिरत होती म्हणून

रविवारी भर शर्यतीत एका काकांनी माझी गाडी बंद केली. म्हणजे अक्षरशः, बटण दाबून.

गाडी म्हणजे रिमोटवर चालणारी, खऱ्या गाडीच्या एक दशांश (१:१०) मापाची इलेक्ट्रिक ऑफ-रोड बग्गी, टू-व्हील ड्राइव्ह, १३.५ टर्नची (म्हणजे तारेच्या तेवढ्या वेढ्यांची) ब्रशलेस मोटर. जागा म्हणजे सूसकडचा एक मोकळा प्लॉट. पुण्यात या खेळाला ट्रॅक मिळतो तो बिल्डरची पाटी लागल्यापासून जेसीबी येईपर्यंत. तेवढ्या मुदतीत मुरूम पसरा, धुमस करा, पाणी मारा, जंप उभे करा आणि शेजारच्या सोसायटीला पटवून द्या की इथे काही बेकायदा चाललेलं नाही.

शर्यत पाच मिनिटांची. चालवणारे सगळे उंच स्टँडवर, हातात रिमोट, आणि शर्यत संपेपर्यंत खाली उतरायचं नाही. गाडी उलटली तर ती सरळ करायची मार्शलने. मार्शल कोण, तर आधीच्या हीटमध्ये, म्हणजे आधीच्या तुकडीच्या शर्यतीत, ज्यांनी गाड्या चालवल्या ते. जगभर हीच पद्धत आहे. आमच्याकडे आधीच्या हीटमधले दोघं मार्शलिंग सोडून मिसळ खायला गेले. डबल जंपपाशी, म्हणजे लागोपाठच्या दोन उंचवट्यांपाशी, कोणीच उरलं नाही. तिथे मॉर्निंग वॉकला आलेले एक काका मगाचपासून उभे होते, आयोजकांनी त्यांच्याच अंगावर नारिंगी जॅकेट चढवलं.

जंपवर गाडी हवेत असताना थ्रॉटल दिला तर नाक वर येतं, ब्रेक मारला तर खाली जातं. माझं नाक अगदी बरोबर होतं. मागचा गडी मात्र हवेत असतानाच ब्रेक विसरला आणि थेट माझ्या छपरावर उतरला. माझी गाडी उताणी.

"मार्शल!"

काकांनी मागे वळून पाहिलं, मार्शल कुठे दिसतोय का ते.

"काका, तुम्हीच! सरळ करा ती!"

काका आले. चालत, हात पाठीमागे बांधून. वाकले, गाडी उचलली आणि उलटीच धरून खालून न्याहाळू लागले.

"चायना का?"

"काका, खाली ठेवा!"

"नाही, विचारलं आपलं. केवढ्याला पडली?"

"अहो, शर्यत चालू आहे!"

"ते दिसतंय मला. पेट्रोलवर की बॅटरीवर?"

"बॅटरीवर! ठेवा!"

"ॲव्हरेज काय देते?"

या काळात बाकीच्या गाड्या काकांच्या दोन्ही बाजूंनी गेल्या. एक त्यांच्या पायांमधून गेली. काका जागचे हलले नाहीत. शेवटी त्यांनी गाडी अलगद खाली ठेवली, तोंड उलट्या दिशेला. मी थ्रॉटल ओढला. ढिम्म.

"काका, चालत नाहीये!"

"नाहीच चालणार. बंद केलीय मी. चाकं उगाच फिरत होती. बॅटरी फुकट जाते."

आता मुद्दा असा की फिरत होती ती पुढची चाकं. टू-व्हील ड्राइव्हला पुढची चाकं मोटरला जोडलेलीच नसतात, ती नुसती बेअरिंगवर फिरतात. त्यात बॅटरीचा छदाम जात नाही. आणि इतका वेळ फिरत होती, कारण आदल्या रात्री मी ती बेअरिंगं साफ केली होती. ५ बाय १० बाय ४ मिलिमीटर, एका पुढच्या चाकात दोन. टाचणीने रबरी सील अलगद उचकटायचं, क्लीनरमध्ये खळखळून घ्यायचं, वाळवायचं, पातळ तेलाचा एकच थेंब सोडायचा. दोन थेंब सोडले की मुरमाची धूळ चिकटते आणि दुपारपर्यंत बेअरिंग जात्यासारखं खरखरायला लागतं. गाडी पाण्याने धुणारेही महाभाग आहेत. त्यांची बेअरिंगं पुढच्या रविवारी गंजून बसतात आणि मग ते माझ्याकडे मागायला येतात. तर काकांना खटकलं ते नेमकं माझं सगळ्यात चांगलं काम.

"चालू करा, काका!"

केली. पण स्पीड कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज सोडणारं सर्किट, चालू होताना रिमोटचा ट्रिगर मधोमध, म्हणजे न्यूट्रलला लागतो. बोट पूर्ण सोडायचं, बीप ऐकायचे, मगच थ्रॉटल. दात-ओठ खात असलेल्या माणसाने बोट सोडून शांत उभं राहायचं, ही त्या सर्किटची अट आहे. तोवर आघाडीवाला माझ्यावर दोन लॅप चढवून गेला होता.

शर्यत संपल्यावर काका जॅकेट परत करायला आले. तक्रार नव्हती, सूचना होती. "आमच्या नातवाकडे पण आहे अशी. रात्रभर लावून ठेवतो चार्जिंगला, दोन दिवस पुरते." लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी अशी रात्रभर लावून झोपायची नसते, हे मी त्यांना सांगितलं. ५००० एमएएचच्या पॅकला ५ अँपिअरवर तासभर पुरतो, तोही सगळे सेल सारखे भरणाऱ्या बॅलन्स चार्जरवर, फायरप्रूफ पिशवीत, आपण समोर बसून. सेलमागे ४.२ व्होल्टच्या वर एक टिंब नाही. आणि आठवडाभर ठेवायची तर ३.८ वर आणून ठेवायची. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढी कटकट असेल तर साधी सेलवाली घ्यायचीत."

एकवेळ काकांचं सोडा. त्यांनी निदान गाडी उचलली तरी. मार्शलिंग टाळणाऱ्याची क्वालिफाइंगमधली सर्वांत चांगली फेरी कापायची, असा कित्येक ठिकाणी दंडक असतो, आणि तो असायलाच हवा. उलटलेल्या गाडीजवळ माणूस नसेल तर सगळं सेटिंग, डिफरन्शियलचं तेल, स्लिपर क्लचचा नट, रात्रीची जागरणं मातीत. आमचे ते दोघं बक्षीस समारंभाला उगवले, टी-शर्टवर तर्रीचे डाग. मी आयोजकांकडे गेलो आणि नियम सांगितला. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली, दोघांना बाजूला घेतलं आणि सक्त ताकीद दिली: पुढच्या वेळी जाताना विचारून जा, आम्हालाही पार्सल हवं असतं.