खुलासा : २०२० मध्ये 'बिग टेन'चा हंगाम झालाच नाही?

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या चाहत्यांच्या गप्पांत एक दावा हमखास येतो : कोरोनामुळे २०२० मध्ये 'बिग टेन' या विद्यापीठ-संघांच्या साखळीने हंगाम रद्द केला, त्या वर्षी सामने झालेच नाहीत. हे अर्धसत्य आहे.

११ ऑगस्टला 'बिग टेन'ने शरदातला हंगाम पुढे ढकलला, एवढं खरं. त्यावरून रान पेटलं. याच साखळीतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचा क्वार्टरबॅक (चढाईचा सूत्रधार खेळाडू) जस्टिन फील्ड्सने हंगाम खेळवावा म्हणून काढलेल्या अर्जावर लाखावर सह्या झाल्या. १६ सप्टेंबरला निर्णय फिरला आणि ऑक्टोबरअखेर सामने सुरू झाले. ट्रम्प यांनी श्रेय घेतलं खरं, पण मतदान विद्यापीठांच्या प्रमुखांचं होतं आणि त्यांनी पुढे केलेलं कारण होतं रोजची झटपट चाचणी. बाधित खेळाडूला किमान २१ दिवस सामना बंद, वर हृदयाची तपासणी.

हंगाम मात्र फाटकाच. मिशिगन विद्यापीठाच्या संघात संसर्ग पसरला नि ओहायो स्टेटविरुद्धचा सामना रद्द झाला. १९१८ पासून तो एकदाही चुकला नव्हता. ओहायो स्टेटचे साखळीत जेमतेम पाच सामने झाले, तेव्हा त्यांना 'बिग टेन'च्या अंतिम सामन्यात घ्यायला किमान सहा सामन्यांचा नियमच गुंडाळला गेला. (सोय बघून नियम!) पुढे तोच संघ राष्ट्रीय अंतिम फेरीत पोहोचला आणि ११ जानेवारी २०२१ ला अलाबामाकडून ५२-२४ असा हरला.

अजिबात न खेळलेली होती ती आयव्ही लीग, म्हणजे हार्वर्ड, येल वगैरे विद्यापीठांची साखळी.