'लोकांनी वाचवलेलं शेवटी विकलंच जातं ना?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका (सदाशिव पेठेतल्या वाड्यात उभं आयुष्य गेलं असं तुम्ही लिहिलंय, म्हणून काका म्हणते),

इंग्लंडमधल्या हेस्टिंग्ज गावात ओस पडलेली ऑब्झर्व्हर बिल्डिंग स्थानिक लोकांनीच विकत घेतली, त्यावरचा माझा लेख तुम्हाला 'गोऱ्यांचं कौतुक' वाटला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : हे सगळं तिथल्या राष्ट्रीय लॉटरीच्या पैशातून मिळणाऱ्या अनुदानावरचं हौसेचं काम. त्याच गावात लोकांनी वाचवलेला पिअर (समुद्रातला धक्का) वर्ष-दोन वर्षांत दिवाळखोरीत गेला, ते मी लिहिलं नाही. कलाकार येतात, भाडी चढतात, मूळ माणसं बाहेर पडतात. आणि आपल्या वाड्यांना याचा काडीचा उपयोग नाही.

पिअरचा मुद्दा नेमका आहे, त्यामुळे आधी तोच. समुद्रात गेलेला 1872चा तो लोखंडी धक्का ऑक्टोबर 2010 मध्ये जळाला. मालक कंपनी पनामात नोंदलेली, तिला दुरुस्तीशी देणंघेणं नव्हतं. नगरपालिकेने सक्तीने संपादन करून तो गावातल्या धर्मादाय संस्थेकडे दिला, लोकांनी शेअर घेतले, लॉटरी फंडाने मोठी रक्कम दिली. 2016 मध्ये उद्घाटन, ऑक्टोबर 2017 मध्ये ब्रिटिश वास्तुकलेतला मानाचा स्टर्लिंग पुरस्कार, आणि पुढच्याच महिन्यात संस्था प्रशासकाच्या ताब्यात! 2018 मध्ये एका खासगी खरेदीदाराने तो घेतला. म्हणजे तुम्ही म्हणता ते अक्षरशः खरं आहे.

पण तो बुडाला कशाने? अनुदान बांधायला मिळतं, चालवायला मिळत नाही. खाऱ्या वाऱ्यात उभ्या लोखंडाची देखभाल कायमची, आणि वर मोकळं ऐसपैस फळ्यांचं पटांगण, ज्याचं भाडं कोण देणार? पुरस्कार मिळाला तो त्या मोकळेपणालाच. माझ्या मते तिथे चुकला तो हिशेब. लोकांनी एकत्र येण्यात काही चुकलं नव्हतं.

ऑब्झर्व्हरचा हिशेब उलटा आहे. 1924 ची ही वर्तमानपत्राची इमारत उतारावर बांधलेली. पुढच्या केंब्रिज रोडवरून दिसते त्यापेक्षा ती बरीच उंच आहे, कारण निम्मी रस्त्याच्या पातळीखाली मागच्या गल्लीत उतरते. छापखाना बंद पडला 1980 च्या दशकात, आणि तेव्हापासून तीस-पस्तीस वर्षं इमारत ओस. या काळात मालक किती? डझनभर! कोणी फ्लॅटची परवानगी काढायचा, कागदावर किंमत वाढायची, तो पुढच्याला विकून मोकळा व्हायचा. छप्पर गळतच होतं. काका, बेवारस पडलेली इमारत म्हणजे दुर्लक्ष, असं आपण धरून चालतो. गावाच्या मध्यात ती पुष्कळदा चांगला चाललेला धंदा असते.

म्हणून इमारत वाचवायला निघालेल्या गावातल्या मंडळींनी रंगसफेदीच्या आधी मालकीला हात घातला. आधी 2014 मध्ये शेजारचं रॉक हाउस घेतलं, ते मजल्यामजल्याने वापरात आणलं : कामाच्या जागा, वर राहायची घरं. मग 2019 मध्ये ऑब्झर्व्हर. मालकी आज हेस्टिंग्ज कॉमन्स या स्थानिक गटाकडे आहे, आणि भाड्यावर त्यांनीच मर्यादा घालून घेतली आहे. अनुदान त्यांनीही घेतलं, कर्जंही काढली. पण रोजचा खर्च भाड्यातून निघायला हवा, हे पहिल्यापासून ठरलेलं.

भाडी चढतात हे मात्र निर्विवाद. लंडनहून येऊन राहणाऱ्यांना तिथे 'डीएफएल' म्हणतात, डाउन फ्रॉम लंडन, आणि ते प्रेमाने म्हणत नाहीत. दोन-चार इमारतींवरच्या मर्यादेने गावाची भाडी थांबत नाहीत. पण त्या दोन-चार तरी हातात कधी येणार? गाव महाग व्हायच्या आधीच. कारण तिथल्या 2011 च्या लोकॅलिझम कायद्याने गावकऱ्यांना मोक्याची वास्तू विकत घेण्यासाठी सहा महिन्यांची मुदत मागायची सोय दिली, किमतीत एका पेनीची सूट दिली नाही.

आता वाडे. इथे तुमचं बरंचसं मान्य. हेस्टिंग्जच्या इमारतीच्या कागदावर एका वेळी मालक एकच होता. आपल्याकडे प्रॉपर्टी कार्डावर आजोबांपासूनची नावं, निम्मे वारस परदेशात, खाली जुन्या भाड्याचे भाडेकरू, पागडी, आणि भाडं इतकं की कौलं फिरवायचा खर्चही निघत नाही. मालकाला दोष तरी कसा द्यायचा? मग बिल्डर येतो, सगळ्यांना एकेक फ्लॅट कबूल करतो, आणि तीन पिढ्यांत न झालेली एकी आठवड्यात होते.

पण भाडेकरूंच्या हाती सूत्रं देणं आपल्या कायद्याला अगदीच परकं नाही. मुंबईतल्या उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) धोकादायक इमारतींसाठी म्हाडा कायद्यात कलम 79-अ आलं : मालकाला सहा महिने, तो हलला नाही तर भाडेकरूंच्या नियोजित संस्थेला सहा महिने. ते पाडून बांधण्यासाठी आहे, आणि अंमलबजावणीवरून कोर्टकज्जेही झाले. तरी रांगेत दुसरा नंबर भाडेकरूंचा, हे कागदावर आलं. दुरुस्तीसाठी, पुण्यातल्या वाड्यांसाठी, असं काही का नसावं?

तुमच्या वाड्याबद्दल मला दोनच गोष्टी कळवा. रस्त्याकडच्या दुकानांचं भाडं आज किती येतं, आणि कार्डावर नावं किती आहेत? आकडे जुळत असतील तर पुढचा लेख त्यावरच लिहीन, तुमचा पत्ता न देता.