लेखकाने आपले मत घरी ठेवायचे म्हणजे काय?

आज संध्याकाळी आमच्या वाचनालयात एका गृहस्थांनी कादंबरी परत करताना ग्रंथपालांना सांगितले, "गोष्ट बरी आहे, पण लेखकाने आपले राजकारण घरी ठेवायला हवे होते." शेजारच्या दोघातिघांनी माना डोलावल्या. मी गप्प राहिले, आणि घरी येईपर्यंत मला त्या गप्प राहण्याचाच राग येत राहिला.

माझी आजी 'पण लक्षात कोण घेतो' दर दोन-तीन वर्षांनी वाचायला घ्यायची आणि यमुनेचे केशवपन जवळ आले की पुस्तक मिटून देवघरात जाऊन बसायची. तिची सख्खी आत्या विधवेचे आलवण नेसून माजघराच्या अंधारात आयुष्य काढून गेली होती. हरिभाऊ आपट्यांनी ही कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः छापली, तेव्हा आगरकरांचा 'सुधारक' निघत होता आणि मुलींचे शरीरसंबंधाचे किमान वय वाढवणाऱ्या १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यावरून पुणे तापलेले होते. त्या वादात हरिभाऊंनी आपले मत घरी ठेवले असते, तर यमुना लिहिलीच गेली नसती आणि माझ्या आजीला आपल्या आत्यासाठी रडायला जागा मिळाली नसती.

मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतले जाते, ती बाबा पदमनजींची १८५७ची 'यमुनापर्यटन'सुद्धा विधवांच्या हालांविषयीच आहे. अण्णाभाऊ साठ्यांनी 'फकिरा' बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. यांतून मते काढून टाकायची म्हणजे नेमके काय शिल्लक ठेवायचे?

पात्रे भाषणे करू लागली की कादंबरी कोसळते, हे मान्य. बाबा पदमनजींचा धर्मोपदेश मलाही जड जातो. पण ही तक्रार ठरावीक पुस्तकांबद्दलच का होते? वाडा, वाड्याच्या धन्याचे औदार्य आणि मुकाट राबणारे गडी रंगवणाऱ्या लेखकाला त्याचे मत कोणी विचारत नाही. त्याच गड्याने मान वर केली की लगेच राजकारण होते. याची मला मनस्वी चीड येते.

ते गृहस्थ दिवसभराच्या बातम्यांना कंटाळून निवांतपणासाठी पुस्तक नेत असतील, हे आता लिहिताना जाणवते आहे. तो कंटाळा मलाही ठाऊक आहे. आजीसुद्धा पुस्तक मिटायचीच. मात्र देवघरातून परत आली की कंदिलाची वात वर करून त्याच पानापासून पुढे वाचायची.