पंधरा दिवस सीमा बंद करा म्हणणाऱ्यांनो, संत्रा कुठं विकायचा तेही सांगा

सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय, बांगलादेशला गुडघ्यावर आणायला फक्त १५ दिवस पुरेत म्हणून. त्यात पाच दावे आहेत. १९७१ मध्ये आपण त्यांना फुकटात देश बनवून दिला, त्यांना वीज फुकट देतो, २०१५ मध्ये १० हजार एकर जमीन दान केली, १५ दिवस सीमा बंद केली की ते उपाशी मरतील, आणि यात आपलं एक रुपयाचंही नुकसान नाही. असे मेसेज रोजच येतात, मी डिलीट करून मोकळा होतो. पण हा मला काटोलच्या मामांनी पाठवला, ज्यांचं सगळं घर संत्र्यावर चालतं, आणि खाली लिहिलं होतं "बरोबर आहे ना बे". नाही मामा, बरोबर नाही, आणि तुमच्यासाठी तर अजिबातच नाही.

आधी किरकोळ गोष्टी उरकतो. १९७१ ला आपल्या जवानांनी रक्त सांडलं, ते कोणीच नाकारत नाही. पण ती लढाई दान म्हणून नव्हती. जवळपास एक कोटी निर्वासित आपल्याकडे आले होते, त्यांचा खर्च आपल्या डोक्यावर होता, आणि ३ डिसेंबरला पाकिस्ताननं आपल्या विमानतळांवर हल्ला केला. दोन बाजूंनी एकच शत्रू होता, एक बाजू मोकळी झाली, हा आपला फायदा होता आणि आजही आहे.

वीज फुकट नाही, विकतो. झारखंडच्या गोड्डाचा १६०० मेगावॅटचा प्रकल्प बांगलादेशला वीज विकायलाच उभा केला. २०२४ मध्ये त्यांनी बिल थकवलं तर पुरवठा कमी केला गेला, एवढं साधं गिऱ्हाइकीचं काम आहे ते.

जमिनीच्या बाबतीत मेसेज अर्धा खरा आहे, मानावं लागेल. आकडा साधारण बरोबर आहे, आपण १११ छिटमहल (दुसऱ्या देशाच्या पोटात अडकलेले जमिनीचे तुकडे) म्हणजे १७,१६० एकर दिले आणि ५१ छिटमहल म्हणजे ७,११० एकर घेतले, फरक साधारण १० हजारांचा. पण हे सांगत नाहीत की ते १११ तुकडे पूर्णपणे बांगलादेशच्या आत अडकलेले होते. कागदावर भारत, पण तिथं ना आपला पोलीस जाऊ शकत होता ना मास्तर. दोन्हीकडची मिळून ५० हजारांच्या वर माणसं अशी राहत होती, शाळा नाही, दवाखाना नाही, बाजाराला जायचं तर दुसऱ्या देशातून जा. करार १९७४ चा, इंदिरा गांधी आणि मुजीबुर रहमान यांचा, तो पूर्ण झाला २०१५ मध्ये मोदी सरकारच्या काळात, १०० व्या घटनादुरुस्तीनं, आणि लोकसभेत विरोधात एकही मत पडलं नाही. दान करायचं असतं तर सगळ्या पक्षांनी एकत्र हात वर केला असता का?

आता मुख्य मुद्दा, सीमा बंद करा आणि आपलं काही जात नाही, हा. हे ज्यानं लिहिलं तो कधी नागपूरच्या कळमन्याच्या मार्केटला अंबिया बहारात, म्हणजे संत्र्याच्या हंगामात, गेला नसणार. आपला नागपुरी संत्रा सालीला सैल, नाजूक, फार दिवस टिकत नाही, त्यामुळं तो लांब जहाजानं पाठवणं अवघड पडतं. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शीचा माल ट्रकनं बंगालपर्यंत आणि तिथून पेट्रापोल-बेनापोल किंवा बाकीच्या नाक्यांवरून पलीकडे, असं वर्षानुवर्षं चाललं, कारण पलीकडे खाणारी कोट्यवधी माणसं आहेत आणि ट्रक काही दिवसांत पोहोचतो. २०१९ ला संत्र्यावरची त्यांची आयात ड्युटी किलोला २० रुपयांच्या आसपास होती, ती चढत चढत २०२३ मध्ये ८८ वर गेली. किलोला ८८ रुपये नुसता टॅक्स, मग शेतकऱ्याला काय उरणार? निर्यात दोन-तीन वर्षांत निम्म्यावर आली, आणि राज्य सरकारला किलोमागं ४४ रुपये अनुदान जाहीर करावं लागलं. म्हणजे गेट पूर्ण बंदही झालं नव्हतं, नुसतं अर्धं ओढलं होतं, तर ही हालत.

त्याच काळात मामांच्या बगीच्याचं काय झालं ते मामांनाच आठवत असेल. व्यापाऱ्यानं सौदा केला, इसार दिला, पहिला तोडा नेला, आणि मग बांगलादेशचा माल थांबला म्हणून भाव पडले तर उरलेला माल तोडायला परत आलाच नाही. फोन उचलेना. पिकलेला संत्रा झाडाखाली गळून पडला होता, मामी टोपलीनं उचलून बांधावर टाकत होती कारण तसाच ठेवला तर माश्या वाढतात आणि पुढचा बहारही खराब होतो. आणि आज तेच मामा मला सीमा बंद करा म्हणून पाठवतात.

ती ड्युटी काऊन वाढली? सगळं कारण मला एकच सांगायचं नाही. २०२२ मध्ये त्यांच्याकडे डॉलरची चणचण होती आणि त्यांनी फळं, फुलं, कॉस्मेटिक्स सगळ्यांवरच जादा ड्युटी लावली. पण आपल्या कांद्याची गोष्टही त्यातच आहे असं इकडचे शेतकरी नेते आणि व्यापारी उघड बोलतात, आणि मला ते पटतं. २०१९ च्या सप्टेंबरात आपण एका रात्रीत कांदा निर्यात बंद केली. पुढं ढाक्यात कांदा किलोला २०० टाकांच्या (टाका हे त्यांचं चलन) वर गेला, त्यांनी विमानानं कांदा मागवला. बंदीनंतर आठवडाभरातच त्यांच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या, आपल्या उद्योजकांसमोर हिंदीत म्हणाल्या की तुम्ही कांदा का बंद केला माहीत नाही, मी स्वयंपाक्याला सांगून टाकलं की आता कांदा घालू नको, आणि पुढच्या वेळी असं करायचं तर आधी कळवा. हे बोलणारी बाई भारताची मैत्रीण म्हणून ओळखली जायची, हे लक्षात घ्या. आपण काय केलं? २०२० च्या सप्टेंबरात परत अचानक बंदी, ट्रक सीमेवर उभे. २०२३ च्या डिसेंबरात परत बंदी.

मग ते उपाशी मेले का? नाही मेले. तुर्की, इजिप्त, म्यानमार, चीन, पाकिस्तान, जिथून मिळेल तिथून आणला आणि स्वतःकडं लागवड वाढवली. गिऱ्हाईक गेलं ते नाशिकच्या शेतकऱ्याचं.

नेपाळचंही तसंच. २०१५ मध्ये त्यांच्या नव्या घटनेनंतर सीमेवरचा माल काही महिने अडकला. आपलं सरकार म्हणालं आम्ही नाकाबंदी केली नाही, ते नेपाळच्याच तराईतल्या मधेशी लोकांचं आंदोलन होतं. नेपाळी माणसानं ते मानलं नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भूकंप होऊन गेलेला, त्यात थंडी, पेट्रोल नाही, गॅस नाही. नाकाबंदी उठून महिना-दीड महिना झाला तर त्यांचे तेव्हाचे पंतप्रधान ओली बीजिंगला गेले आणि चीनसोबत ट्रान्झिटचा, म्हणजे चीनमधून माल ने-आण करण्याचा, करार करून आले. हिमालय ओलांडून माल आणणं महाग पडतं, तरी केला. गुडघ्यावर कोण आलं यात?

आणि एक रुपयाचंही नुकसान नाही म्हणणाऱ्यांनी आपल्याच वाणिज्य मंत्रालयाचे आकडे बघावेत. २०२३-२४ मध्ये आपण बांगलादेशला साधारण ११ अब्ज डॉलरचा माल विकला आणि त्यांच्याकडून २ अब्जांपेक्षा कमी घेतला. विकणारे आपण आहोत. त्यात मोठा वाटा कापूस आणि सुताचा, आपल्या कच्च्या कापसाचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक तेच. २०२५ च्या एप्रिलमध्ये आपण त्यांची ट्रान्सशिपमेंटची, म्हणजे आपल्या बंदरां-विमानतळांवरून तिसऱ्या देशात माल पाठवायची, सोय काढली, त्यांनी आठवडाभरात जमिनीवरच्या नाक्यांवरून आपलं सूत बंद केलं, मे महिन्यात आपण त्यांचे कपडे जमिनीवरून घ्यायचं बंद केलं. टीव्हीवर दोन्हीकडं टाळ्या. यवतमाळ-वर्ध्याच्या कापसाच्या भावाची चर्चा त्यात कुणी केली?

ऑगस्ट २०२४ नंतर तिथं हिंदूंच्या घरांवर, देवळांवर हल्ले झाले, त्याचा राग मलाही आहे. गडचिरोलीत चामोर्शी-मुलचेराकडं पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावं आहेत, त्या लोकांना हे काय असतं ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यावर सरकारनं ढाक्याला कडक बोलावं, जगासमोर मांडावं, जरूर. पण ट्रक थांबवून तिथल्या एकाही हिंदूचं घर वाचत नाही, इथला बगीचा मात्र जातो. मामा, मेसेज पाठवायचाच असेल तर आमदाराला पाठवा की बंदी लावायची तर हंगामाच्या मधात रात्रीतून लावू नका, संत्र्याच्या ड्युटीचं ढाक्याशी बोलणं करा, आणि अनुदान बहार संपायच्या आत खात्यात टाका.